केसमायला न चालणारी गोळी

गुरुवारी दहा वाजले की डोंगरटोल्याच्या मोठ्या मोहाखाली टकल्यांची जत्रा भरायची. सिंदेवाहीचे दुकानदार यायचे, मूलचे मास्तर यायचे, ब्रह्मपुरीचा एक वकील दुपट्ट्यात तोंड लपवून यायचा आणि वरोऱ्याहून तर गाडी करून माणसं यायची. कुणाचं कपाळ मागे सरकत सरकत टाळूला जाऊन टेकलेलं, कुणाच्या डोक्यावर मधोमध ताटली ठेवावी एवढी जागा मोकळी. ऊन वर चढलं की ती सगळी डोकी अशी चकाकायची की मोहावरची वानरं खाली वाकून बघायची.

समोर पाटावर जटाधारी महाराज बसलेले. कमरेपर्यंत जटा, गळ्यात बिब्ब्यांची माळ, शेजारी जंगलातल्या केसमाय देवीचा अर्क म्हणून विकायच्या बाटल्यांची रास. आणि पुढ्यात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक माठ.

"केस म्हंजे काय?" महाराज गरजायचे. "केस म्हंजे डोस्क्यावरचं जंगल! अन् जंगल कोनं तोडलं?"

"इंग्रजानं!"

"बराबर! इंग्रजानं आपला साग नेला, बिजा नेला. इंग्रज गेला, पन एक इंग्रजी गोळी ठेवून गेला. अन् इंग्रजाची खोड कुठी जाते? जंगल दिसलं का तोडते!"

टाळ्यांचा कडकडाट. या हिशेबानं इंग्रजी सायकलवर बसणाऱ्याचे पायच झडायला हवेत. पण गर्दीत असले हिशेब कुणी मांडत नाही. मांडणारा एकच भेटला, शेजारच्या पाड्यावरचा म्हातारा लालसू. "आमी जंगलात जन्मलो, जंगलात म्हातारे झालो. आमच्या देवायत केसमाय नावाची कोनी नाई," तो म्हणाला. "आमचे देव टकल्याले टकलाच ठेवतात." लोक हसले आणि रांगेत उभे राहिले.

मोनाली मात्र हसली नाही. ती सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होती, खिडकीतून गोळ्या द्यायची आणि बुवाबाजीवर तिचं तोंड तिखट चालायचं. महाराज गावात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं बाटलीचं बूच उघडून वास घेतला. मोहाची दारू, पहिल्या धारेची! "पलीकडे दारूबंदीच्या गडचिरोली जिल्ह्यात ही जवळ सापडली तर पोलिस उचलतात," ती घरी येऊन म्हणाली, "अन् इथी लोक डोक्यावर ओतून घेऊन राह्यले."

तिचं दुर्दैव असं, की रांगेत सगळ्यात पुढे तिचा बाप होता.

लटारूभाऊ म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातला नामांकित राजा. सव्वीस हंगाम त्यानं मुकुट घातला होता. दिवाळी झाली की कंपनीचा ट्रक यायचा आणि होळीपर्यंत लटारूभाऊ गावोगावच्या मंडपांतून शत्रूला ललकारत फिरायचा. पण मागल्या हंगामात घात झाला. मारामारीच्या प्रवेशात खलनायकानं त्याचे केस धरले आणि टोपच हातात आला. पुढचाच प्रवेश राजमातेच्या मृत्यूचा होता. राजमाता मरत होती आणि चार हजार माणूस पोट धरून हसत होतं. हंगाम संपल्यावर कंपनीचा मालक म्हणाला, "लटारूभाऊ, पुढच्या साली तुमी बापाचा रोल करा." त्या दिवशी लटारूभाऊ जेवला नाही. वर्षभरापूर्वी नागपुरात त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती, तेव्हाही तो इतका खचला नव्हता.

होळीपासून तो महाराजांचा अर्क लावू लागला. म्हणजे लावायची त्याची बायको, अन्नपूर्णाबाई. बायकोनंच लावायचा, असा नियम होता. रोज दोन वेळा ती तळहातावर अर्क घेऊन नवऱ्याची टाळू चोळायची आणि त्याच हातानं स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसायची. वैशाख गेला, टाळू तशीच. तिशीतल्या पोरांच्या डोक्यावर लव फुटली, पण पन्नाशीच्या पुढची मंडळी कुरकुरायला लागली. आता महाराजांचं बिंग फुटणार म्हणून मोनाली वाटच बघत होती.

तेवढ्यात एका गुरुवारी महाराजांच्या अंगात केसमाय आली. तिनं घुमत घुमत सांगितलं, "म्हाताऱ्यायच्या पोटात जंगलतोड्या बसला हाये! ज्याच्या त्याच्या गोळ्या सुपात आना!"

तेव्हापासून सूप सुरू झालं. बायकोनं सुपात नवऱ्याची सगळी गोळ्यांची पाकिटं मांडून आणायची. महाराज अर्धवट डोळे मिटून बोटं फिरवायचे, नाकाशी धरून हुंगायचे. "ही चालते… ही चालते… हूंऽऽ! हा बसला जंगलतोड्या!" निवडलेलं पाकीट बायकोच्या हातात द्यायचं आणि तिनं ते माठात टाकायचं. बाकीची पाकिटं परत. महाराजांची छाप बसली ती इथे. हा बाबा काही अडाणी नाही, लोक म्हणू लागले. शुगरची गोळी ठेवतो, बीपीची ठेवतो, डॉक्टरला शिव्या देत नाही. नेमका दोषी तेवढा पकडतो.

मोनालीही गाफील राहिली, ती यामुळेच. औषधं बंद करा म्हणणाऱ्या बुवांशी भांडायची तिला सवय होती. हा म्हणतो औषधं घ्या, मग भांडायचं कशावर? तरी तिनं बापाला विचारलं, "बाबा, गोळ्या चालू हाये ना?"

"हाये ना वो! डबा दाखवू का?" लटारूभाऊनं डबा दाखवला. डब्यात पाकिटं होती. मोनालीनं डबा पाहिला, पण पाकिटं मोजली नाहीत. हाताखालून रोज हजार गोळ्या जाणाऱ्या पोरीनं बापाच्या पाच मोजल्या नाहीत, ही गोष्ट तिला जन्मभर पुरणार आहे.

पोळ्यापर्यंत लटारूभाऊच्या डोक्यावर केस आले. खरेखुरे, काळे, बोटांत धरता येतील एवढे. मोनालीनं स्वतः ओढून पाहिले.

"आता बोल!" अन्नपूर्णाबाई म्हणाली. "लय शिकली ना तू? हे काय उगवलं मंग? धान?"

केस कुठून आले ते मोनालीला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. ती गप्प बसली. तिला गप्प बसलेली पाहून आणखी वीस घरं अर्क घेऊन गेली. फार्मासिस्ट पोरगी काही बोलत नाही म्हणजे खरं असेल, असं लोक म्हणाले.

नवरात्राच्या आधी कंपनीनं पोस्टरसाठी फोटो मागवला. मालक फोनवर म्हणाला, "भाऊ, राजा तुमीच!" लटारूभाऊ उठला तो थेट निकेशच्या सलूनमध्ये. अकरा वर्षांनी कात्री लावून घ्यायची होती. खुर्चीत बसला, आरशात पाहिलं आणि त्याच्यातला राजा जागा झाला. "सेनापती!" तो गरजला. "आमचा घोडा आणा! आज या भूमीचं ऋण फेडल्याबिगर…" आणि त्यानं छातीवर हात दाबला, तोंड वाकडं केलं आणि मान एका बाजूला टाकली.

बाकावर बसलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. "वाह भाऊ!" एक जण म्हणाला. निकेशनं तर कात्री खाली ठेवून शिटी मारली. लटारूभाऊ काही उठेना, तेव्हा दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या. कुणीतरी हलवून पाहीपर्यंत राजा गेला होता.

मयतीला अख्खा तालुका लोटला. बाया अन्नपूर्णाबाईच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता मुर्द्याच्या डोक्याकडे पाहून म्हणाल्या, "पन केस किती सुंदर आले होते वो!" महाराज स्वतः आले. प्रेताच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "केसमायनं राजाले राजासारखा करून नेला. टकला गेला असता तर वर कोनं ओळखलं असतं?" लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्याच दिवशी एक बाई दारात आली आणि लटारूभाऊची उरलेली बाटली वापरणार नसाल तर द्या म्हणाली. सख्ख्या पुतण्यानं मुंडन करून घेतलं नाही. सहा महिन्यांनी चार केस आलेत, महाराज नको म्हणाले, असं त्यानं भटजींना सांगितलं.

तेरवी झाली आणि मोनालीनं बापाचा डबा खाली ओतला. बीपीची गोळी, चरबीची, शुगरची, गॅसची. पाचवी नव्हती.

"आई, छातीची कॅप्सूल कुठी हाये? रक्त पातळ करते ती?"

"माठात," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "ज्येष्ठातच टाकली. तोच तर जंगलतोड्या होता."

रडायला मोनालीला रात्रभर वेळ मिळाला, पण रडण्याच्या मधेमधे एक प्रश्न तिला टोचत होता. देवीला बाकीच्या चार चालल्या आणि हीच का चालली नाही? दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात येणाऱ्या पेशंटांना विचारायला सुरुवात केली. तुमचं कोणतं पाकीट माठात गेलं? एकाचं पांढरं, एकाचं लाल, एकाचं सोनेरी. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. पण आत औषध एकच. कुठं एकटं, कुठं दुसऱ्याच्या जोडीला, पण प्रत्येकात अ‍ॅस्पिरिन. हजार औषधांतून नेमकं एकच ओळखणारी ही कसली देवी? तिला मुंगीएवढ्या अक्षरांतलं इंग्रजी वाचता येतं की काय?

ती आईला घेऊन डॉक्टर संघपाल मेश्रामांकडे गेली. हे तिच्याच दवाखान्यातले डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकलं, बाटली हुंगली आणि मग अन्नपूर्णाबाईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुमच्या गालावर, कपाळावर ही लव कवापासून आली?"

अन्नपूर्णाबाई लाजली. "झाले चार-पाच महिने. म्हातारपन आलं साहेब."

"म्हातारपण नाही. तुमच्या नवऱ्याच्या डोक्याचं औषध तुमच्या तोंडाला लागलं," डॉक्टर म्हणाले. "याचं नाव मिनॉक्सिडिल. केस उगवायला डॉक्टर देतात, मेडिकलमध्ये उघड मिळतं. पाण्यात नीट विरघळत नाही, दारूत विरघळतं. म्हणून मोहाची. जंगलाचा वास फुकटात मिळाला, तो वेगळा."

"अन् अ‍ॅस्पिरिन?" मोनालीनं विचारलं.

"तीच तर गोम आहे. हे औषध डोक्यावर पडलं म्हणून काम करत नाही. केसाच्या मुळाशी शरीराचा एक रस असतो, तो त्याला जागं करतो. रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत तो रस मंदावतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे औषध लावलं तरी झोपलेलंच राहतं. तरुण पोरं अ‍ॅस्पिरिन घेत नाहीत, त्यांना केस आले. म्हाताऱ्यांच्या हृदयाला ती दिलेली असते, त्यांना आले नाहीत. मग याला केसमाय आठवली." डॉक्टर थांबले. "हा माणूस अडाणी नाही, मोनाली. ती गोळी कशासाठी असते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जाळी बसवलेल्या माणसानं ती सोडली तर जाळीत रक्ताची गाठ होऊ शकते, हेही ठाऊक असणार. त्याला केस दाखवायचे होते."

अन्नपूर्णाबाई खुर्चीत ताठ बसून होती.

गुरुवार आला. मोहाखाली गर्दी नेहमीपेक्षा जास्त. लटारूभाऊच्या केसांची कीर्ती त्याच्या मरणानं आणखी पसरली होती. दोन शिपाई साध्या कपड्यांत मागे उभे होते, डॉक्टरांनी आदल्या दिवशीच ठाण्यात कळवलं होतं. पांढऱ्या कपाळाची अन्नपूर्णाबाई सूप घेऊन पुढे गेली, तशी गर्दीनं वाट दिली. मोनाली तिच्या बाजूला उभी राहिली.

"या माय, या!" महाराज म्हणाले. "आता कोनासाठी?"

"माह्या भावासाठी," अन्नपूर्णाबाईनं सूप खाली ठेवलं. सुपात पाच सुट्ट्या गोळ्या होत्या, बारक्या, पांढऱ्या.

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "पाकीट कुठी हाये?"

"केसमाय वास घेते ना महाराज?" मोनाली म्हणाली. "पाकिटाले कायचा वास?"

मागे कुणीतरी फिदकन हसलं. महाराजांनी डोळे मिटले, बोटं फिरवली, एकेक गोळी नाकाशी नेली. घाम फुटला होता. "ही चालते… ही चालते… ही बी चालते… हूंऽऽ! हा बसला जंगलतोड्या! पाचवी चालते."

"पाचही गोळ्या एकाच पाकिटातल्या हायेत," मोनालीनं रिकामं पाकीट वर धरलं. "पाचही अ‍ॅस्पिरिन. दर गुरुवारी हीच गोळी हा माठात टाकायले लावते, आज चार चालल्या. केसमाय पाकिटाबिगर आंधळी झाली!"

गर्दी खळखळून हसली. महाराज ओरडले, "विटाळ झाला! विधवेच्या हातानं सूप आलं!" त्यावर हसणं अर्धं विझलं. अजूनही अर्धी माणसं त्याच्याच बाजूची होती. तेव्हा लालसू पुढे आला, हातातल्या कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं त्यानं माठाचं तोंड फोडलं आणि आत हात घालून उपसायला लागला. पाकिटं बाहेर आली. ओली, चिखलानं माखलेली, शेकड्यांनी. मोनालीनं निकेशला बोलावलं. "तू बारावी शिकलास. मागचं बारीक इंग्रजी वाच."

निकेशनं एक पाकीट शर्टाला पुसलं. "अ‍ॅस्पिरिन." दुसरं पुसलं. "अ‍ॅस्पिरिन अन् आनखी कायतरी." तिसरं. "अ‍ॅस्पिरिन." दहावं पाकीट त्यानं न वाचताच खाली ठेवलं. आपण कुणासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ते त्याला आठवलं असावं.

मोनालीनं मग सगळं सांगितलं. बाटलीत काय आहे, केस कशानं आले, म्हाताऱ्यांना का आले नव्हते आणि एवढी एकच गोळी देवीला का चालत नव्हती. शिपायांनी महाराजांच्या झोपडीतून केसांच्या औषधाची खोकी काढली. महाराजांचं नाव दिनेश निघालं. नऊ वर्षं तो एका शहरात मेडिकलच्या काउंटरवर उभा होता. शिपाई त्याला नेत असताना तो वळून म्हणाला, "मी कोनाच्या तोंडात इख टाकलं का? केस मागतले, केस देल्ले!" खेदाची गोष्ट अशी, की दोन-चार टकल्यांना हे पटलं.

ब्रह्मपुरीचा वकील हळूच मोनालीजवळ आला. "बाई, त्या औषधाचं नाव काय म्हटलं तुम्ही?"

"मिनॉक्सिडिल. लपवायचं काय त्यात?" मोनाली म्हणाली. "पन डॉक्टरले विचारून लावा, अन् दुसरी कोनती गोळी खाता ते त्याले सांगा. केसासाठी छातीची गोळी सोडू नका."

गर्दी पांगायला लागली होती. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई मुलीकडे वळली. "मोनाली, एक खरं सांग. गोळी म्या टाकली म्हनून तो गेला का?"

मोनालीच्या तोंडाशी खोटं आलं होतं. नाही आई, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, असं म्हणता आलं असतं. सगळं जग असंच म्हणतं आणि रडणाऱ्याला बरं वाटतं. पण आयुष्य तेवढंच होतं म्हणायचं, तर आज माठ कशाला फोडला?

"हो आई," ती म्हणाली. "बहुतेक त्यानंच गेला. टाकायले लावलं त्या महाराजानं, टाकली तू, अन् म्या डबा मोजला नाई."

अन्नपूर्णाबाईला रडू आलं नाही. ती पाटावर चढली, जिथे महाराज बसायचे तिथे.

"आयकाऽ!" तिचा आवाज नाटकातल्या माणसाच्या बायकोचा होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माह्या नवऱ्याले म्या मारलं. या हातानं. मले कोनी जबरदस्ती केली नाई. केस पाहून माही अक्कल गेली. चमत्कार दिसला तर पाया पडू नका, बाटलीत काय हाये ते इचारा. अन् गोळी बंद करायची असंन तर ज्यानं देल्ली त्याले इचारा, सुपाले इचारू नका. माठातल्या गोळ्या उचलू नका, सडल्या त्या. दवाखान्यात जा, डॉक्टर बसले हायेत."

मग अन्नपूर्णाबाई पाटावरून उतरली आणि एकेका बाईसमोर जाऊन विचारू लागली, "तुह्या घरच्याची कवापासून बंद हाये?" कुणी खाली पाहिलं, कुणी पंधरा दिवस म्हणाली, कुणी निघूनच गेली.

शेवटी मंगली नावाची एक तरणी बाई होती. तिचा नवरा लटारूभाऊच्याच वयाचा, त्याची ती दुसरी बायको, गावाबाहेर शेतातच त्यांचं घर. तिच्या हातात अर्काची नवी बाटली होती.

"तीन महिने झाले," मंगली पुटपुटली. "सकाळपासून छातीत जळजळ हाये म्हने. म्या म्हटलं, चटणी जास्त झाली असंन."

"घरी कोन हाये त्याच्याजवळ?"

"कोनी नाई."

अन्नपूर्णाबाईनं तिच्या हातातली बाटली हिसकावली. "मंग इथी काऊन उभी हायेस? पळ!"

डॉक्टरांनी पाठवलेली गाडी रस्त्यावर उभी होती, पण शेतात जायला बांधावरची पायवाटच होती. मंगली शेताच्या दिशेनं अनवाणी पळत सुटली आणि तिच्या मागून मोनाली.